अंड्याची जन्मतारीख

“तुला नेमकं काय काय हवंय, ते एकदा लिहून दे,” असं धाकट्याने ताईला सात वेळा सांगून पाहिलं. ताई जनावरांची डॉक्टर. तिचं उत्तर ठरलेलं. “मला काय माहीत? दारात काय येतंय ते आल्यावरच कळतं.”

धाकटा सॉफ्टवेअरचे आराखडे करायचा आणि ऑफिसात त्याच्या शब्दाला वजन होतं. ताईने मात्र उभ्या जन्मात त्याची पाठ थोपटली नव्हती. तिच्या दवाखान्याची नोंदवही संगणकावर आणून यंदा शाबासकी मिळवायचीच, असा त्याने चंग बांधला. काय येईल ते माहीत नाही ना? मग सगळंच येईल असं धरू! हत्तीपासून गोगलगायीपर्यंत एकशे चौदा प्राण्यांची सोय झाली. शिंगं, शेपटी, खवले, कशाचाही रकाना सुटला नाही.

पहिल्याच दिवशी कासव आलं.

“मालक कोण?” काउंटरवरच्या मावशींनी विचारलं.

“मी,” सोबतचे तिघेही म्हणाले. कासव अख्ख्या बिल्डिंगचं होतं आणि सॉफ्टवेअरला मालक एकच चालत होता. मग पोपट आला. तो वजनकाट्यावर थांबेना आणि वजन टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना. तेवढ्यात एक आजोबा रुमालात बदकाचं अंडं घेऊन हजर झाले.

“अहो, अंड्याची जन्मतारीख काय टाकू?” मावशी ओरडल्या. “आणि नर का मादी?”

रांग दाराबाहेर गेली. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

थोड्या वेळाने बघतो तर रांग भराभर सरकतेय! तो धावत मावशींच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्याच्या तळाशी ‘नंतर बघू’ नावाची चौकट होती. जे ठरत नव्हतं ते टिपायला त्याने ती स्वतःपुरती केली होती आणि काढायची राहिली होती. तिथे काहीही लिहिलं की पुढचं पान निमूट उघडत होतं. मावशींनी लिहिलं होतं, ‘कासव. मालक तिघे, भांडतात. पोपट. चावतो. अंडं. आत हालचाल आहे.’

दुपारी ताईने हात पुसत सगळं वाचलं. “ही चौकट कुणाची अक्कल?”

“माझी,” धाकटा चाचरत म्हणाला.

“शाब्बास रे! सगळं आधी ठरवता येत नाही, एवढं तरी कळलं तुला.” आणि तिने खरोखरच त्याची पाठ थोपटली.

धाकट्याची छाती फुगली. “विचार करूनच ठेवली होती,” तो म्हणाला, आणि आता त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

“मग एक कर. ती चौकट पानभर मोठी कर आणि बाकीचं काढून टाक.”

धाकट्याने तिथेच बसून एकशे चौदा प्राणी एकेक करून पुसले, तेही शीळ घालत. शाबासकी काय रोज मिळते?