दसऱ्याचा टायमिंग बेल्ट

दत्तप्रसादच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनी, म्हणजे एसटीच्या वर्कशॉपात हयात गेलेल्या तात्यांनी, चारचौघांत विचारलं होतं, "जावईबापू, पंक्चर तरी काढता येतं का?" (येत नव्हतं. अजूनही येत नाही.)

तेच तात्या दसऱ्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा दुबईला उतरणार होते. तेव्हा दत्तप्रसादने ठरवलं, अल कुसैसमधल्या आपल्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये गाडीचा टायमिंग बेल्ट सकाळी स्वतः बदलायचा आणि त्याच गाडीतून त्यांना एअरपोर्टवरून आणायचं.

व्हिडिओतल्या माणसाने बजावलं होतं, की हा बेल्ट इंजिनाची वरची आणि खालची चाकं एका तालात फिरवतो. जुना काढण्याआधी चाकांवर खुणा करा, नवा बसवताना त्याच जुळवा, नाहीतर इंजिन खलास. मूळ खुणा केव्हाच झिजल्या होत्या. घरात पांढरा रंग नव्हता, देवघरात कुंकू होतं. ते तेलात कालवून त्याने दोन सुबक टिकल्या लावल्या. मुलीला, इराला, बोलावून फोटो काढायला लावला आणि तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकायला सांगितला. मग बेल्ट काढला आणि जेवायला वर गेला. श्रीखंड होतं. श्रीखंडानंतर तो पाच मिनिटं डोळे मिटतो (पाच मिनिटं ही नुसती म्हणायची पद्धत).

तो खाली आला तेव्हा बायको, प्रमिला, पूजेचं तबक घेऊन उभी होती. बॉनेटला झेंडूचा हार, पान्यांवर फुलं, आणि इंजिनाच्या दिसेल त्या भागाला कुंकू.

"हे काय केलंस?"

"दसऱ्याची पूजा. दरवर्षी नुसती वरवर होते. आज आतलं उघडंच होतं, म्हटलं यथासांग करावी."

"मी दोन टिकल्या लावल्या होत्या. त्या कुठल्या?"

"त्या बघूनच मला सुचलं. तुम्ही आपले दोन लावून मोकळे." मग जरा मऊ होऊन ती म्हणाली, "ते वरचं चाक तर हात लागताच खटकन आपोआप फिरलं. मला शुभशकुनच वाटला."

दत्तप्रसाद खाली बसला. एवढ्यात त्याला फोटो आठवला. इराने फोन पुढे धरला. फोटोत तो पाना उंचावून हसत होता आणि सगळं इंजिन त्याच्या पोटामागे होतं.

"यू सेड फोकस ऑन मी, बाबा."

संध्याकाळी तो तात्यांना आणायला टॅक्सीने गेला. फोटो मुंबईहून निघण्याआधीच पाहिल्याचं तात्यांनी सांगितलं. त्यावर दत्तप्रसाद म्हणाला, की काम जवळजवळ झालंय.

पार्किंगमध्ये तात्या गाडीपाशी थांबले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. हार पाहिला, फुलं पाहिली, नखशिखांत माखलेलं कुंकू पाहिलं, जावयाचे लाल हात पाहिले. मग गाडीला भक्तिभावाने हात जोडले.

"विसर्जन कधी?"

"टुमॉरो मॉर्निंग, आजोबा," इरा म्हणाली. "गाडी उचलून न्यायला शारजाहून रिकव्हरी ट्रक येतोय."