टेप बंद, पेठ बंद

गोरक्षनाथच्या हॉटेलातला टेप सकाळपासून बंद होता आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

टेप बंद ठेवायला सांगितलं होतं सीमाबाईंनी. त्या श्रीगोंद्याच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ सम्राट पंचविशीतला, स्वमग्न. घरी स्वतःचं सगळं स्वतः करायचा, बोलायचा मोजकं आणि खरं. पण पेठेतला गोंगाट त्याच्या अंगावर यायचा. मागच्या दिवाळीत राधाकृष्णच्या कापडदुकानात बाहेर लाऊडस्पीकर, आत सगळे नोकर एकदम बोलणारे, त्यात राधाकृष्णनं मापाचा अंदाज घ्यायला प्रेमानं त्याचे खांदे धरले. सम्राट कानांवर हात ठेवून थेट रस्त्यावर पळाला. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचला. तेव्हापासून त्यानं पेठेत पाऊल टाकलं नव्हतं.

“आमी हाय तवर ठीक,” आई भागिरथीबाई म्हणायच्या. “आमच्या मागं त्याला साधा चहा तरी कोन देईल?”

हे ऐकून गप्प बसणाऱ्यांतल्या सीमाबाई नव्हत्या. सुट्टीत पुण्याला जाऊन त्या स्वमग्न मुलांच्या घरच्यांसाठीचं एक शिबिर करून आल्या आणि रविवारी दुपारी वरच्या पेठेतले सगळे दुकानदार त्यांनी गोरक्षनाथच्या हॉटेलात जमवले.

“म्हंजी बाई, येड न्हाई ना हे?” राधाकृष्णनं घाबरत विचारलं.

“अजिबात नाही. मेंदूची ठेवण निराळी. आवाज, उजेड, हात लागणं हे त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. म्हणून टेप बंद ठेवा. ओरडू नका. विचारल्याशिवाय हात लावू नका. एका वेळी एकच बोला आणि उत्तराची वाट बघा. उगाच प्रश्न नकोत. आणि हो, त्याचं नाव घेऊन चारचौघांत चर्चा नको. गिऱ्हाईक आहे तो, तमाशा नाही.”

“बास बाई!” गोरक्षनाथनं टेबलावर थाप मारली आणि लगेच जीभ चावली. “मंगळवारी या. अशी शांतता ठिवतो, की माशी उडाली तरी ऐकू यील!”

पेठेला नुसता उत्साह चढला. मंगळवारी गोरक्षनाथनं कपबशांखाली फडकी अंथरली. भज्यांची ऑर्डर पोरं ओरडून नाही, बोटांनी सांगू लागली. राधाकृष्णनं नोकरांना चपला काढायला लावल्या, आपल्याही काढल्या. स्वतःचे हात भलतीकडं जाऊ नयेत म्हणून ते छातीशी घट्ट बांधून तो दारात उभा राहिला. एरवी ‘या ताई, बसा ताई’ म्हणत रस्त्यावरून बायका ओढून नेणारा हा माणूस, आज मान खाली घालून गप्प.

तेवढ्यात खालच्या पेठेतले कानिफनाथ भांडीवाले चहाला आले. ते रविवारच्या बैठकीला नव्हते. चिडीचूप हॉटेल बघून ते दारातच थबकले.

“काय रं गोरक्षा, झालं काय?”

गोरक्षनाथनं ओठांवर बोट ठेवलं. “आज शांतता पाळायची हाय.”

“कुनासाठी?”

“नाव घ्यायचं न्हाई. बाईंनी सांगितलंय.”

कानिफनाथांनी समोर बघितलं. समोर आबासाहेबांचं बी-बियाण्यांचं दुकान. आबासाहेब म्हणजे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले, आवाज एसटी स्टँडपर्यंत जाणारा. त्यांचं दुकान सणालाही बंद नसायचं. आज मात्र शटर खाली होतं. कानिफनाथांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

“लई वाईट झालं,” म्हणून ते चहा न पिता परत फिरले. काय वाईट झालं, हे गोरक्षनाथ विचारणार होता. पण उगाच प्रश्न नकोत, हे त्याला ऐनवेळी आठवलं.

कानिफनाथांनी आधी स्वतःचं दुकान बंद केलं. शेजारच्या किराणावाल्यानं बंद केलं. मग चपलांचं, मग घड्याळांचं. एकानं खात्री करायला आबासाहेबांच्या घरी फोन लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. “सगळी मान्सं नगरला दवाखान्यात असनार,” असं ठरलं आणि उरलीसुरली शंकाही मिटली.

खालून शटरं पडत पडत वर आली. राधाकृष्णला कोणीतरी कानात सांगितलं आणि त्याचे छातीशी बांधलेले हात सुटले. आबासाहेबांशी त्याचं दोन दुकानांमधल्या गटारीवरून जुनं भांडण. तो तसाच अनवाणी हॉटेलात गेला.

“गोरक्षा, आबासाहेब गेले!”

“काय सांगतो! कुनी सांगितलं?”

“सगळी खालची पेठ बंद हाय. लोक उगंच धंदा बंद ठिवत्यात व्हय?”

गोरक्षनाथचे डोळे भरून आले. “तरीच! सकाळधरनं मला कसंतरीच हुतंय. हितं निस्ती मसनवटीची शांतता!”

सीमाबाई सम्राटला घेऊन पेठेत शिरल्या, तेव्हा दोन्ही बाजूंची शटरं खाली होती आणि हॉटेलासमोर शंभरेक माणसं माना खाली घालून उभी होती. कोणी हू की चू करत नव्हतं. सीमाबाईंचा ऊर भरून आला. त्या गोरक्षनाथजवळ जाऊन कुजबुजल्या, “अहो, एवढं कशाला केलंत? दुकानं बंद नव्हती करायची!”

“आसं कसं बाई? आमचा बापमानूस हुता त्यो,” गोरक्षनाथनं हुंदका दिला.

सीमाबाईंना काही कळेना. पुढं राधाकृष्ण बोलायला उभा राहिला होता. “आबासाहेबांसारखा मानूस हुने न्हाई. गटारीचं भांडन आमी लई वरीस भांडलो. आज समद्यांफुडं सांगतो, चूक माजी हुती. गटार मीच सरकवली हुती त्यांच्या अंगाला.”

सम्राटनं कानांतले कापसाचे बोळे काढले. एवढी शांत पेठ त्यानं जन्मात बघितली नव्हती. त्यानं सरळ विचारलं, “कोण मेलं?”

सकाळपासून अख्ख्या पेठेत हा प्रश्न स्वच्छ शब्दांत कोणी विचारलाच नव्हता.

“आबासाहेब,” गोरक्षनाथ म्हणाला. एका वेळी एकच.

“नाही,” सम्राट म्हणाला. “आबासाहेब स्टँडवर केळी घेतायत.”

“व्हय दादा, व्हय,” गोरक्षनाथ अगदी मऊ आवाजात म्हणाला. हात लावायचा नव्हता, म्हणून त्यानं लांबूनच हवेत पाठ थोपटली.

“व्हय काय? तो म्हणतो तर घेतच असतील!” सीमाबाईंचा आवाज चढला. “सम्राट खोटं बोलत नाही.”

“कुठल्या वेड्यानं बाजार बंद केलाय रे?”

आवाज ओळखायला मागं वळून बघायची गरज नव्हती. तरी सगळे वळले. आबासाहेब हातात केळ्यांची फणी घेऊन उभे होते. नातवाच्या बारशाला सगळं घर घेऊन कर्जतला गेले होते आणि दुकानाच्या काळजीनं एकटेच पहिल्या गाडीनं परतले होते. कानिफनाथांनी हातातला हार घाईघाईनं पाठीमागं लपवला; त्यातला झेंडू खाली गळून पडला.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर हळूहळू एक बारीक हसू पसरलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि हॉटेलासमोर मधोमध बसले.

“राधाकृष्ण, गटारीपातुर आला हुतास. फुडं बोल.”

“आबासाहेब, ते आपलं... दुःखाच्या भरात...”

“मी मेल्यावर खरं बोलला, आता जिवंत हाय म्हून फिरू नको. कधी सरकवतो गटार?”

“उद्याच सरकवतो,” राधाकृष्ण पुटपुटला.

एवढ्यात सीमाबाईंच्या लक्षात आलं, सम्राट शेजारी नाही. त्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग हॉटेलाकडं. रिकाम्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलाशी सम्राट बसला होता. गोरक्षनाथनं डोळे पुसले, चहाचा ग्लास आवाज न करता त्याच्यासमोर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून वाट बघत उभा राहिला.

बऱ्याच वेळानं सम्राट म्हणाला, “भजी.”

गोरक्षनाथ आनंदानं ओरडणारच होता. त्यानं स्वतःचंच तोंड हातानं दाबलं आणि कढईकडं धाव घेतली.

सम्राटनं सगळी भजी सावकाश खाल्ली. स्वतः उठून पैसे दिले. बाहेर सीमाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. आईला हे आता कधी एकदा सांगते असं त्यांना झालं होतं. पायरी उतरताना सम्राट थांबला.

“इथं छान आहे,” तो म्हणाला. “मी उद्या येतो. उद्या कोण मरणार?”

गोरक्षनाथनं मनापासून विचार केला आणि त्याची नजर आपोआप आबासाहेबांवर गेली.

“माझ्याकडं काय बघतो?” आबासाहेब केळं सोलत म्हणाले. “माझं आज झालं. उद्या राधाकृष्ण.”