सगळ्यात छोटा रस्ता

माझा साळा अपूर्व नकाशांच्या कंपनीत आहे. या प्रकरणात त्याचा फायदा एवढाच की बहिणीच्या घरी एकदाचं कोणी त्याला हुशार म्हटलं असतं. माझा फायदा मात्र रोकडा होता: दीडशे किलोमीटरचं काम एकशे दहात. माझ्या लेकीच्या, वैभवीच्या लग्नाच्या चोवीस पत्रिका घरोघरी जाऊन द्यायच्या होत्या.

"भाऊजी, तुम्ही फक्त पत्ते द्या. सगळ्यात छोटा रस्ता कॉम्प्युटर काढते."

काढला. घरून निघून गोल फिरून घरी. मी गोंधळू नये म्हणून पाकिटांवर अनुक्रमांकही डकवले; पहिला कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा. दोन दिवसांत मोहीम फत्ते. पुढच्या लग्नात मी सगळ्या गोताला ही युक्ती शिकवणार होतो.

तिसऱ्या दिवशी रामदासपेठेतून केशवकाकांचा फोन. "काय गा, दूधवाल्याले एक नंबर आन् मले सतरा?"

"काका, तो रस्त्याच्या हिशेबानं आहे."

"मंग माया घरापुढून रस्ता नाही जात का?"

कळमेश्वरचे रुपरावमामा तेरा नंबरवर रुसले. खाप्याच्या पंचफुलामावशीने अकरा नंबरचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. मग सगळेच आपापले आकडे टाकू लागले. बारावीचा निकाल लागल्यासारखे. शेवटचा क्रमांक, चोवीस, माझ्या थोरल्या बहिणीचा, जिजाबाईचा निघाला. ती मागच्याच गल्लीत राहते.

"ताई, तू सगळ्यात जवळची, म्हणून शेवटी," मी समजावलं. बोलताना मलाच ते पटेना.

"हळदीले पहिला हात माया, आन् पत्रिका दूधवाल्याच्या मागून? त्यालेच बोलाव. तोच लावन हळद."

तीन दिवस ती फोन उचलेना. हळद चार दिवसांवर. शेवटी निरोप आला: नव्यानं बोलवा, मानाच्या क्रमानं, पहिली मी.

मानाच्या क्रमात दोन शेजारची घरं कधी लागोपाठ येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. रामदासपेठ, खापा, परत रामदासपेठ, मग कळमेश्वर, परत खापा! ताई हळदीला आली. अपूर्व तिच्याशेजारी बसून वडे खात होता.

"भाऊजी, गोल उलटा फिरले असते ना, तर ताई एक नंबर. किलोमीटर तेवढेच."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही पत्ते दिले. मान कुठं दिला?"

वाचले चाळीस किलोमीटर, घातले तीनशे अठरा. सगळे माझ्या स्कूटरवर, पाठीमागे बायको, आणि प्रत्येक घरी आधी माफी मागितली ती तिनं. भाऊ तिचा होता ना.