एडविनचे आजोबा

वझेकाकांना तुम्ही नुसतं "कसे आहात?" विचारलंत, तरी उत्तर एडविनवरच येतं.

"एडविन म्हणजे भाग्यवान मित्र. अस्सल जुनं इंग्रजी नाव. इंग्लंडात या नावाचा राजा होऊन गेलाय. चंद्रावर उतरलेला दुसरा माणूस कोण? एडविन! इथला तो उंच गोलकीपर? तोही एडविन! लिहून ठेवा."

"लिहून ठेवा" हे त्यांचं पालुपद. काकू गेल्यावर ते पुण्याहून आइंडहोवनला मुलाकडे आले आणि माझे शेजारी झाले. सून डच, फेम्के. तिच्या आजोबांचं नाव एडविन, म्हणून नातवाचंही तेच ठरलं. त्या दिवसापासून काकांनी एडविनचा प्रचार हाती घेतला. डॉक्टरांना गुडघा दाखवायला गेले, तर गुडघा राहिला बाजूला, एडविन राजाची माहिती देऊन आले. सायकल दुरुस्त करणाऱ्याचं नाव एडविन निघालं, तेव्हा त्याला डबाभर चकल्या पोचल्या. तो बिचारा अजून मला विचारतो, कोणता सण होता?

मराठी मंडळींत कुणी "आपलं नाव नाही का मिळालं?" म्हणालं की काका उसळायचे. "तुमच्या आरवांपैकी कोण चंद्रावर गेला, सांगा!"

म्हाताऱ्याला भलतंच वेड लागलंय, असं मला वाटायचं.

बारशाला आत्या हवी. काकांना मुलगी नाही, म्हणून आत्या मी. मी पाळण्यावर वाकले, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले, तेवढ्यात काका कानाशी आले.

"आधी मिलिंद म्हण. हळूच. मग मोठ्यानं एडविन."

"मिलिंद?"

"हिनं, तुझ्या काकूनं ठरवून ठेवलं होतं, शेवटी हॉस्पिटलात असताना. मी पोरांना बोललोच नाही. फेम्के गुणी आहे गं, लगेच ऐकलं असतं तिनं. मग तिच्या आजोबांचं नाव राहिलं असतं."

मी बाळाच्या कानात कुर्र केलं, दोन्ही नावं सांगितली. डोळ्यांत पाणी आलं, ते धपाट्यांमुळे असं सगळ्यांना वाटलं.

काल कालव्याकाठी काका बाबागाडी ढकलत माझ्या पुढेच चालले होते. समोरून आलेल्या बाईंनी बाळाचं नाव विचारलं. "एडविन!" काका गरजले. राजा, चंद्र, गोलकीपर, सगळं झालं. बाई गेल्या. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, मी काही त्यांना दिसले नाही. मग ते गाडीवर वाकले.

"मिलिंदा, ते बदक बघ. तुझ्या आजीला फार आवडलं असतं."