व्याह्यांची मळकी टोपी

डाग कुठलाही असो, तो प्रमोदिनीबाईंपुढे टिकत नसे. कॅनडातल्या थंडर बेच्या विंटरमध्ये, रस्त्यावरच्या मिठाच्या चिखलातही, यजमान देवदत्तांचे सदरे कसे दुधासारखे! हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी विचारायची वाट बघत नसत.

त्या वर्षी एक मे रोजी मिक्कोचे वडील एरो पहिल्यांदाच जेवायला आले. मिक्को म्हणजे लेक ऊर्मीचा होऊ घातलेला नवरा, आणि आज साखरपुड्याची तारीख पक्की करायची होती. बाई पहाटेपासून भिंगरीसारख्या फिरत होत्या. एरो मूळचे फिनलंडचे. डोक्यावर काळ्या चोचीची पांढरी टोपी. पांढरी कसली, जुन्या तुपाच्या रंगाची, वर तपकिरी डाग!

"बायको नाही ना बिचाऱ्यांना," बाई हळहळल्या. "आता आपणच बघायला हवं."

एरोंनी टोपी खुंटीला अडकवली, आणि देवदत्त त्यांना नवं बेसमेंट दाखवायला खाली घेऊन गेले. म्हणजे तासाभराची निश्चिंती. ऊर्मी आणि मिक्को दही आणायला गेलेले. बाईंनी पदर खोचला. साबण झाला, लिंबू झालं, शेवटी नीळ. हेअर ड्रायरनं वाळवून टोपी परत खुंटीवर, अगदी नवीकोरी.

परतलेला मिक्को दारातच थिजला.

"आई, काय केलंस हे?" ऊर्मी म्हणाली. "फिनलंडमध्ये शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्यावर मिळते ती. दरवर्षी एक मेच्या दिवशी घालतात आणि जन्मात धूत नाहीत. जितकी पिवळी, तितका मान."

"तो कॉफीचा डाग माझ्या आईचा होता," मिक्को इंग्रजीत पुटपुटला. "पहिल्यांदा बाबांच्या घरी गेली, तेव्हा सांडलेली."

लेकीचं सासर बाईंनी साबण लावून धुऊन काढलं होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाई टोपी घेऊन स्वयंपाकघरात पळाल्या, कोपर पातेल्याला लागलं, आणि आमटी टोपीवर सांडली. दारात एरो उभे.

एरोंनी टोपी हातात घेऊन बघितली. मग हसायलाच लागले.

"माझी आयनोही कॉफी सांडल्यावर अशीच घाबरली होती," ते म्हणाले, आणि ओली टोपी त्यांनी तशीच डोक्यावर चढवली. "हा डाग राहू द्या."

बाईंचे डोळे भरून आले. जेवणं झाली, तारीखही ठरली. हळदीचा डाग उन्हात ठेवला की जातो, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते श्रीखंडाबरोबर गिळलं.

निघण्याआधी एरो वॉशरूमला गेले. टोपी मात्र बरोबर घेऊन गेले.