पाइप कुणाच्या हातात होता

आमच्या गल्लीत टँकरवर भांडण लागलं की बिडकर सर लगबगीनं मध्ये येत आणि विचारत, "पाइप आधी कुणाच्या हातात होता?" भांडण मिटवण्यात त्यांना रस नसे. त्यांना क्रियापद ठरवायचं असे.

सर पैठणला इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि पुंडलिकनगरात आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. 'स्नॅच' या शब्दावर त्यांचा फार जीव. लोक तो वाट्टेल तिथं वापरतात, याचं त्यांना मनापासून दुःख. "पडलेला पाइप उचलला तर तो ग्रॅब, शिंदे वहिनी. अतिक्रमणवाले हातगाडी नेतात ते सीझ, तिथं कागद लागतो. स्नॅचला समोरच्याची पकड लागते. त्यानं घट्ट धरलेलं पाहिजे, अन् तुम्ही ते सोडवलं पाहिजे."

"व्हय सर," समोरच्या घरातल्या या वहिनी म्हणत, "आधी घागर भरू द्या."

एकदा शहागंजात शेळीनं त्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी ओढली. सर तिथंच उभे राहून विचार करू लागले, की दुसऱ्याची वस्तू ही शेळीला कळतच नाही, तर याला स्नॅच म्हणावं का. शेवटी भाजीवाला वैतागला. "चाचा, जुडी तो गई, अब क्या सोच रै?"

गल्ली हसायची. मला मात्र या माणसाचा हेवा वाटायचा. कारण माझी लेक मुग्धा. मी पतपेढीतून दमून यायची, तेव्हा ती सरांच्या व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसलेली असायची. घरी आली तरी तोंडात 'सर म्हणाले'. पोहे सरांसारखे हवेत, अक्षर सरांसारखं काढायचं. मी कधी काय म्हणाले, हे तिला आठवलं तर शपथ.

त्या दुष्काळात शहर चहूकडे वाढत होतं आणि नळ कोरडे होते. टँकर दुपारी यायचा. मी कामावर, मुग्धा शाळेत. तरी आमचा ड्रम भरलेला असे. ही शिंदे वहिनींची कृपा, असं मी धरून चालले होते. त्यांना वाटीभर काही ना काही पोचतं करत होते आणि त्या ते न बोलता घेत होत्या.

मग एक दिवस वहिनींनीच सहज विचारलं, "मुग्धा आर्ट्सला जाणार म्हणं?" मला पत्ता नव्हता. सरांना होता. मी तशीच त्यांच्या दारात गेले. "सर, तुमच्याच भाषेत सांगते. तुम्ही माझी पोरगी माझ्या हातातून स्नॅच केली."

मला वाटलं, सर चूक काढतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला, बस. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातली खुर्ची आत गेली. "शिकवून झालं," असं त्यांनी मुग्धाला सांगितलं. ती घरात माझ्यासमोर बसू लागली, पण गप्प. मी जिंकले होते आणि मला जेवण जात नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मला सुट्टी होती आणि टँकर आला. मी गॅलरीतून पाहिलं. सर गर्दीत घुसले आणि त्यांनी शिंदे वहिनींच्या हातातून पाइप चक्क ओढून घेतला. तो त्यांनी आमच्या ड्रममध्ये सोडला. त्यांचा स्वतःचा ड्रम मागं कोरडा होता. कुणाला नवल वाटलं नाही. मी खाली धावले तेव्हा वहिनी पदरानं हात पुसत म्हणाल्या, "त्यांचं रोजचंच हाय ते. तू नसतीस ना."

"अन् माझ्या वाट्या?"

"तू देत व्हतीस, मी घेत व्हते."

मी सरांच्या हातातला पाइप ओढला आणि त्यांच्या ड्रममध्ये घातला. "आता याला काय म्हणायचं, सर?"

सरांनी पाइप ड्रममध्ये नीट सारला. "त्या दिवशी वाक्य चुकलं तुमचं," ते हळूच म्हणाले. "तुम्ही लई रागात होता, म्हणून बोललो नाय. पोरीनं तुमचा हात सोडलाच नव्हता. अंधार पडायला लागला की तिचं ध्यान पुस्तकात नसायचं. फाटकाकडं असायचं, तुमच्या वाटेवर. मी आपला शिकवत राहायचो."

संध्याकाळी मुग्धा शाळेतून आली. दप्तर टेकायच्या आत मी तिला सांगितलं, सरांची खुर्ची आत आहे, ती व्हरांड्यात आणून ठेव. आणि माझ्यासाठीही एक.