मऊ करायला घेतलेल्या जटा

जावई खुर्चीत बसले, सासूबाईंनी त्यांच्या खांद्यांवर जुना टॉवेल टाकला आणि विणकामाच्या डब्यातून क्रोशाची सुई काढली, तेव्हा दोघांपैकी एकानेही थोडा उद्धटपणा केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दोघंही एकमेकांशी फार नीट वागत होते, आणि घात तिथेच झाला.

जावई पोहायला शिकवत. त्यांच्या खांद्यांवर ड्रेडलॉक्स रुळत. म्हणजे बारीक सुईने एकेक केस आत ओढून वळलेल्या जटा, वर्षानुवर्षं जोपासलेल्या. तलावाच्या क्लोरीन टाकलेल्या पाण्याने त्या सुंभासारख्या कोरड्या झाल्या होत्या, आणि मानेवरच्या दोन-तीन तर मुळाशी झिजून चार केसांवर लोंबकळत होत्या. त्या नीट करून देणारी बाई गाव सोडून गेली होती.

लग्नाच्या बोलणीत सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या, "एवढ्या मोठ्या जगात आमच्या लेकीला हे पायपुसणंच सापडलं?" हळू बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. जावयांनी ते ऐकलं, आणि तेव्हापासून ते सासूबाईंशी अतिशय अदबीने वागू लागले. माणूस भांडला तर भांडण मिटवता येतं. अदबीचं काय करायचं? आपले ते शब्द परत घ्यायची संधी सासूबाई किती दिवस शोधत होत्या. म्हणून लेक कामावर गेलेली असताना जावई आरशापुढे मान वाकडी करून उसासे टाकताना दिसले, तशा त्या पुढे सरसावल्या.

"जावईबापू, क्रोशा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. आणा डोकं इकडे."

"कशाला उगाच तुम्हाला त्रास, आई..."

"त्रास कसला त्यात!"

जावयांना 'नको' म्हणायचं होतं. पण खोल पाण्याला न घाबरणारा तो माणूस सासूबाईंपुढे बुडाला.

सुई लोकरीची होती, केसांना लागते त्याहून चांगलीच जाड. पण पहिली जटा छान झाली. सुटे केस आत गेले, झिजलेली जागा भरली. सासूबाईंना हुरूप आला. विणणाऱ्या बाईला सैल टाका दिसला की तिचे हात शिवशिवतात. इथे तर डोकंभर सैल टाके! त्यांनी सुई खुपसली आणि ओढत सुटल्या.

"दुखत नाही ना?"

"छे! उलट बरं वाटतंय."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"तलावाचं औषध, आई. सवयीचं आहे."

"पण आज तर सुट्टी आहे तुमची."

जावयांनी टॉवेलच्या टोकाने डोळे टिपले. "मुरलंय," ते म्हणाले.

दुपार कलली तोवर सगळ्या जटा पडद्याच्या काठीसारख्या कडक झाल्या होत्या. आधी त्या खाली लोंबत; आता ज्या दिशेला निघाल्या त्या दिशेलाच राहिल्या. जावई आभार मानायला वळले आणि टेबलावरचा कप खाली गेला. जरा आडवे झाले, तर डोकं उशीला टेकेना.

"मजबूत झाल्यात," ते छताकडे बघत म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा पडला. खरं म्हणजे अशा जटा थोडं पाणी शिंपडून, तळहातांवर वळत राहिलं की काही आठवड्यांत आपोआप मऊ पडतात. जावयांना हे ठाऊक होतं. ते सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. पण समोरचा तो चेहरा पाहून त्यांना वाटलं, काही करू नका म्हटलं तर बाईंना अपराधी वाटेल. म्हणून ते म्हणाले, "तुमच्याकडे काही उपाय असेल तर बघा ना, आई."

उपाय होता. स्वेटर कडक झाला की सासूबाई वापरत तो.

"हे कपड्यांचं आहे ना?" बादलीवर वाकत जावयांनी विचारलं.

"कंडिशनरच लिहिलंय की बाटलीवर! कंडिशनर तो कंडिशनर."

जटा मऊ झाल्या, यात वाद नाही. केळ्याच्या सालीसारख्या झाल्या. पण पाणी पिऊन त्या अशा फुगल्या की मान वर येईना, आणि फेस तर जाता जाईना. "पिळा थोड्या," बादलीतून जावई म्हणाले. सासूबाईंनी पिळल्या, जसा स्वेटर पिळतात तशा. मानेवरची एक जटा सबंध त्यांच्या हातात आली. घाईघाईने ती परत विणायला गेल्या, तर शेजारच्या दोघी तिच्या सोबतीला आल्या.

"झालं का, आई?"

"झालं," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला.

जावयांनी मागे हात नेऊन चाचपलं. बराच वेळ चाचपलं. "हलकं वाटतंय," ते म्हणाले, आणि सासूबाईंना रडू फुटलं. मग केसांतून फेस गळत असताना जावईच त्यांची समजूत घालू लागले. "अहो आई, केसच ते. येतील परत." कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून ते परतले तेव्हा त्यांचे कान एवढे मोठे आहेत हे घरात पहिल्यांदाच कळलं. सासूबाईंना ते डोकं बघवेना.

संध्याकाळी लेक आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"शेवटी स्वतःचंच खरं केलंस ना?"

"अगं, देवाशपथ, मी दुरुस्त करत होते!"

"कपड्यांच्या औषधाने?"



दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "धन्य आहात! मी सांगून सांगून थकले, तुम्ही एका दुपारात निकाल लावलात. आणि वर दुरुस्तीचं निमित्त!"

"अहो, चुकून झालं हो..."

"हो हो, चुकूनच!" विहीणबाई खो खो हसल्या. शेजारीण तर भाच्याचा फोटो घेऊनच आली. "ह्याने शेंडी वाढवलीय. कधी पाठवू?"

शेवटी न राहवून सासूबाई जावयांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते नुकतेच तलावावरून आले होते. एका हातरुमालात त्यांचं डोकं पुसून झालं होतं.

"जावईबापू, माझ्याकडे बघा. मी मुद्दाम नाही केलं. आणि खरं सांगते, मला त्या जटा आवडायला लागल्या होत्या."

जावयांनी रुमालाची नीट घडी घातली.

"मला ठाऊक आहे, आई. तुमच्या मनात तसं काही नव्हतंच."

हे ते इतक्या अदबीने म्हणाले, की सासूबाईंना कळून चुकलं: त्यांचाही विश्वास बसलेला नाही.